दोनरात्या तोर्मोद

हेलदालच्या दरीत उन्हाळा लागला हे कळायला कॅलेंडर बघावं लागत नसे. स्कारेच्या माळावर हिरवा तंबू दिसला की माणसं म्हणायची, "दोनरात्या आला. बटाट्याला माती लावा आता."

तोर्मोद हे त्याचं खरं नाव, पण ते फक्त पोस्टमनच्या कामाचं. बर्गनच्या गोदीत जहाजं जोडणारा वेल्डर तो, उंच, काटकुळा, आणि बोलणं शहरी, धुऊन इस्त्री केल्यासारखं. दरीत त्याला कुणी तोर्मोद म्हणालं की लोक विचारायचे, कुठला? दोनरात्या म्हटलं की शेंबडं पोरही बोट करून दाखवायचं, तो काय, तंबूत.

हे नाव त्याला चिकटलं एकोणीसशे शहात्तरच्या जूनमध्ये, आणि चिकटवणारी होती सिन्नोवे स्कारे.

सकाळचे पाच वाजले होते. तोर्मोद तंबूत गाढ झोपलेला. एकाएकी तंबूचं कापड आत आलं आणि त्याच्या बरगडीत काहीतरी टोचलं. दंताळ्याचा दांडा होता.

"आत माणूस हाय का जनावर?" बाहेरून आवाज आला.

"माणूस."

"मग भाईर ये. जनावर असतं तर ऱ्हाऊ दिलं असतं."

तोर्मोद चड्डीवरच बाहेर आला. समोर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांची बाई उभी. रबरी बूट, डोक्याला रुमाल, हातात दंताळं, आणि पाय असे रोवलेले की हिला इथंच कुणी पेरली असावी.

"कशावर निजलायस?"

"गवतावर."

"आन् त्ये गवत कुणाच्या बानं वाढवलं?"

"आपोआप वाढलं असेल," तोर्मोद म्हणाला.

पहिली चूक त्यानं आदल्या दिवशी केली होती, ही दुसरी.

हेलदालमध्ये सपाट जमीन म्हणजे एका खाटेवर अंथरायच्या चादरीएवढी. बाकीची जमीन उभी आहे, भिंतीसारखी. आठ महिने मेंढ्या गोठ्यात उभ्या असतात आणि त्या आठ महिन्यांचं पोट या दोन महिन्यांच्या गवतावर चालतं. म्हणून तिथली माणसं कड्याच्या कपारीतलंही गवत सोडत नाहीत. कंबरेला दोर बांधून कापतात. कुंपण नसलेलं, गुडघाभर वाढलेलं, पिवळ्या-जांभळ्या फुलांचं ते रान बघून शहरातल्या माणसाला वाटतं, वा, काय मोकळं रान आहे! तोर्मोदलाही तसंच वाटलं. कापणीला पंधरा दिवस असताना त्यानं उभ्या गवतात तंबू ठोकला होता. पंगतीत वाढलेल्या ताटावर पाहुण्यानं मांडी घालून बसावं, तसं.

आणि आडवं झालेलं गवत पुन्हा उठत नाही. लांब दांड्याचा विळा त्याच्यावरून नुसता सरकत जातो.

"मावशी, नॉर्वेचा कायदा आहे," तोर्मोद चाचरत म्हणाला. "घरापासून दीडशे मीटर लांब, पडीक रानात दोन रात्री तंबू टाकता येतो. कुणाला न विचारता."

"पडीक?" सिन्नोवेनं एकदा रानाकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. "ह्ये पडीक? पडीक तू हायस. आन् मावशी कुणाची रं?"

त्या उन्हाळ्यात त्याला एकच गोष्ट पाहिजे होती: तंबूला जागा. बर्गनमध्ये हिवाळाभर पाऊस. बर्फ म्हणजे रस्त्यावरचा काळा राडा. हिवाळ्यात गोदी सुटायची नाही, आणि तेविसाव्या वर्षापर्यंत त्यानं स्की फक्त दुकानाच्या काचेतून बघितल्या होत्या. मग कुणीतरी सांगितलं, हेलदालच्या डोक्यावर हिमनदी आहे, तिथं जून-जुलैतही स्की चालते. तो वर गेला. स्कीवाल्यांना दोरानं उतारावर ओढून नेणाऱ्या लिफ्टचा मुकादम ओडमुंड म्हणाला, पहाटे कामाला ये. पगार नाही, पण दुपारचं सूप मिळंल आणि लिफ्ट फुकट. तोर्मोदला स्वर्ग दोन बोटं उरला. राहायचं काय? खाली खाडीवरच्या भाड्याच्या तंबूतळावर आठवडाभर राहिला असता तर त्याच्याजवळचे सगळ्या उन्हाळ्याचे पैसे संपले असते. स्कारेचं रान वाटेवर होतं; चार किलोमीटर चढलं की बर्फ. गोदीतल्या मामानं बजावलं होतं, जागा नाही मिळाली तर सोमवारी परत ये, तुझी मशीन मी फार दिवस राखणार नाही. परत गेला असता तर जन्मभर जहाजाच्या पोटात राहिला असता, उन्हाळा कसा असतो तेही विसरून.

हे सगळं त्यानं तिथं चड्डीवर उभ्या उभ्या सांगून टाकलं. सिन्नोवेनं ऐकून घेतलं.

"म्हंजे फुकट राबायचं."

"स्की करायला मिळतं."

"म्हंजे बर्फावरनं घसरायला."

"हो."

"तेवढ्यासाठी?"

"तेवढ्यासाठी."

सिन्नोवेनं दंताळं खांद्यावर टाकलं. "दोन राती म्हणालास न्हवं, कायद्यानं? एक झाली. अजून एक ऱ्हा. मग उचल."

तिसऱ्या दिवशी पहाटे ती बरोबर हजर. तोर्मोदनं मुकाट्यानं खुंट्या उपटल्या. तंबू उचलला तर खाली गवताचा चौकोन, पिवळट, चेपलेला, म्हाताऱ्याच्या टाळूसारखा. सिन्नोवेनं त्याच्या हातात लहान विळा दिला.

"काप."

"सगळं?"

"न्हाई, जेवढ्यावर झोपलास तेवढंच. सगळं कापाय तुला येतंय व्हय?"

तो बसला. आडवं गवत दंताळ्यानं विंचरायचं, मुठीत धरायचं, मुळाशी विळा लावायचा. ती डोक्यावर उभी.

"मुळातनं धर. केस उपटतोस का गवत कापतोस?... अरं बोटं सांभाळ, मेंढ्या बोटं खात न्हाईत!"

दोन तासांनी चौकोन साफ झाला, आणि तोर्मोदची पाठ मोडली. त्या चौकोनात आता खुरटी धसकटं उरली होती, कोवळे पोपटी बुडखे उघडे पडलेले. तो कपाळ पुसत म्हणाला, "मावशी, आता ओढ्याकडच्या खडकाळ कोपऱ्यात टाकू का? तिथं गवत नाही."

सिन्नोवेनं कोपऱ्याकडं बघितलं. खरंच तिथं खडकच होता.

"दोन राती," ती म्हणाली.

असं सुरू झालं. दोन रात्री झाल्या की तो दारात जाऊन उभा राहायचा आणि सांगायचा, "रात्री दोन झाल्या." ती म्हणायची, "मग उचल." मग तो तंबू एका तंबूएवढा पुढं सरकवायचा. कायद्याला हे मान्य नव्हतं, कारण कायद्याप्रमाणं त्यानं पार निघून जायला पाहिजे होतं. पण कायदा ओस्लोत राहतो आणि सिन्नोवे हेलदालमध्ये राहत होती. गवत पिवळं पडायच्या आत तंबू हलला पाहिजे, एवढंच तिला कळत होतं. गावातल्या माणसांनी हा खेळ बघितला आणि पंधरा दिवसांत नाव पडलं.

पहाटे तोर्मोद वर जायचा. उन्हाळ्यात वरच्या बर्फाची दुपारपर्यंत लापशी होते. म्हणून उजाडायला उतारावर मीठ फेकायचं. मिठानं वरचा थर ओला होतो आणि मग असा घट्ट धरतो की स्की करकर वाजते. पोत्यात हात घालून, पेरणी करावी तसं मुठीमुठीनं मीठ पेरत जायचं. मग लिफ्टच्या खांबांभोवतीचं बर्फ उपसायचं. मग सूप. आणि मग त्याची स्वतःची दुपार: पडायचं, उठायचं, पुन्हा पडायचं.

कापणीच्या दिवसांत तो संध्याकाळी सिन्नोवेच्या मदतीला यायचा. खांब ठोकून एकावर एक पाच तारा ओढायच्या आणि ओलं गवत धुण्यासारखं त्यांच्यावर वाळत घालायचं. पहिल्या दिवशी त्यानं वरच्या तारेपासून सुरुवात केली.

"आता गं बया! खालनं घाल, खालनं! लुगडं नेसतोस तवा डोक्यापासनं नेसतोस व्हय?"

काम करता करता त्यानं मिठाची गोष्ट सांगितली. सिन्नोवेचा हात थांबला.

"बर्फाला मीठ?"

"हो, रोज चार पोती."

"माझ्या मेंढ्या मिठापायी दगडं चाटत्यात, आन् तुमी बर्फाला चारताय!"

ते तोर्मोदच्या मनाला लागलं. दोन दिवसांनी ओडमुंडच्या खोलीमागं एक फाटकं पोतं पडलेलं दिसलं, निम्म्याहून जास्त भरलेलं. विचारलं तर ओडमुंड म्हणाला, ने, उंदीर लागलेलं हाय. तोर्मोदनं ते पाठीला बांधलं आणि चार किलोमीटर उतरला. स्कारेच्या अंगणात पोतं टेकवलं.

"मावशी, मेंढ्यांना मीठ आणलंय."

सिन्नोवेनं पोतं उघडलं. तळाशी ओंजळभर.

"एवढंसंच?"

तोर्मोदनं मागं वळून बघितलं. पोत्याच्या कोपऱ्याला उंदरांनी पाडलेलं भोक होतं, आणि हिमनदीपासून अंगणापर्यंत वाटेवर एक पांढरी बारीक रेघ आली होती, चुन्यानं आखावी तशी.

"वाटेत सांडलं," तो म्हणाला.

"दिसतंय," सिन्नोवे म्हणाली. दोघांनाही त्यात वावगं काही दिसलं नाही.

मेंढ्यांना दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओडमुंडची जीप अंगणात येऊन थांबली. ओडमुंड हा सिन्नोवेचा चुलतभाऊ. बुटका, लालबुंद, बोलताना हात आधी आणि तोंड मागून. तोर्मोद तंबू सरकवत होता. तो खुंट्या टाकून धावत आला.

"सिन्नोवे, तुझी जनावरं माझ्या उतारावर हाईत!" ओडमुंड ओरडला. "सगळीच्या सगळी! बर्फ चाटत्यात! स्वीडनचा एक पाव्हणा मेंढीवर आदळला!"

"मेंढीला लागलं का?"

"पाव्हण्याचं ढोपार फुटलंय!"

"मी मेंढीचं इचारतेय."

"मेंढीला काय धाड भरल्या? ऐक आदी. हाकलाय गेलो तर दोराच्या पल्याड पळाल्या. भेगांच्या अंगाला."

तेव्हा मात्र सिन्नोवेच्या हातातली बादली खाली गेली. हद्दीला बांधलेल्या दोराच्या पलीकडं हिमनदी फाटलेली आहे, वरून बर्फाची साय आणि खाली पंचवीस-तीस हात पोकळी. सतरा मेंढ्या आणि त्यांची कोकरं म्हणजे सिन्नोवेचं घर, मांस, लोकर, सगळं.

ओडमुंड तोर्मोदकडं वळला. "आन् ह्यो बाबा! इथनं वरपतुर मिठाची रांगोळी घातल्या ह्यानं! मेंढ्या खाली आल्या न्हाईत तर तू बी खाली जा. पार बर्गनपतुर."

"आन् माझं रान बी सोड," सिन्नोवे म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, म्हणून तोर्मोदला जास्त लागलं.

तिघंही जीपनं वर गेली. दोराच्या पलीकडं मेंढ्या घोळक्यानं उभ्या होत्या, मध्ये स्वार्ता, घंटा बांधलेली काळी म्हातारी मेंढी. सिन्नोवेनं हाक मारली. घंटा वाजली, पण हलली कुणी नाही. मेंढ्यांनाही कळलं असावं की येणं वेगळं आणि त्याच वाटेनं परत जाणं वेगळं.

"मी जातो," तोर्मोद म्हणाला.

"पायी गेलास तर बुडशील," ओडमुंड म्हणाला.

"पायी नाही."

स्कीवर माणसाचं वजन लांब पसरतं. साय तुटत नाही, बहुतेक. तीन आठवड्यांत त्याला धड वळता येत नव्हतं, पण सरळ सरकता येत होतं. दोन्ही खिशांत मीठ भरलं, कंबरेला दोर बांधला, दुसरं टोक ओडमुंडच्या हातात. आणि निघाला, इंच इंच, काठीनं पुढचं बर्फ टोचत. एका जागी काठी सरळ आत गेली, मुठीपर्यंत. तो थांबला. मागून सिन्नोवे म्हणाली, "डावीकडनं जा रं पोरा." त्या उन्हाळ्यात तिनं त्याला पहिल्यांदा पोरा म्हटलं.

स्वार्तापाशी पोचून त्यानं मूठ उघडली. म्हातारीनं मीठ चाटलं, मग बोटं चाटली, मग खिशात तोंड घातलं. तो तसाच मागं मागं सरकायला लागला, स्कीच्या दोन रेघांवरून. स्वार्ता खिशाला चिकटलेली, तिच्या मागं बाकीच्या, एकीच्या शेपटीला दुसरीचं तोंड. सतरा मेंढ्या आणि कोकरं दोन रेघांवरून चालत आली. शेवटचं कोकरू दोराच्या अलीकडं आलं तेव्हा तोर्मोद बर्फावर बसला आणि त्याला उलटी झाली.

"आटप," सिन्नोवे म्हणाली. "मेंढ्या घाबरत्यात."

ओडमुंड आणि मेंढ्या वाटेनं खाली निघाले. सिन्नोवेचे रबरी बूट उतारावर सटकायला लागले. दोन पावलं टाकली, बसली, उठली, बसली. शेजारी मिठाचं रिकामं पोतं पडलं होतं. तिनं त्याच्याकडं बघितलं. मग खाली बघितलं. तोर्मोद म्हणाला, "मावशी, नको," तोवर ती पोत्यावर बसलीसुद्धा.

पुढचं दरीत कितीतरी वर्षं सांगितलं गेलं. रुमाल उडाला. घागरा फुगला. एक बूट वाटेत राहिला. स्वीडनची माणसं दोन्ही बाजूंनी उभी होती. त्यांना वाटलं, इथला काही सण असावा. ती थेट लिफ्टच्या खोलीच्या दारापाशी जाऊन थांबली. तोर्मोद तिचा बूट घेऊन धापा टाकत मागून आला तेव्हा ती मांडीवरचं बर्फ झाडत होती.

"म्हंजे ह्याच्यासाठी व्हय," ती म्हणाली.

"हो."

"हं."

तिनं पोतं उचललं, झटकलं, बूट घातला, आणि पुन्हा वर चढायला लागली.

ती म्हणायची, दोनदाच घसरले. ओडमुंड मरेपर्यंत म्हणत होता, तीनदा.

संध्याकाळी मेंढ्या कुंपणात गेल्या. तोर्मोद हात धुऊन दारात आला. त्याला वाटलं, आता बोलायला हरकत नाही.

"मावशी, आता तंबू आहे तिथंच राहू दे का? उन्हाळाभर?"

"राती किती झाल्या?"

"दोन."

"मग उचल. मेंढ्या आणल्यास म्हणून तंबूखाली गवत वाढाय लागंल व्हय?"

त्यानं उचलला. खुंट्या ठोकून वळला तर मागं दगडावर वाटी ठेवलेली, आंबट सायीची लापशी, वर लोण्याचं तळं. कापणी संपल्यावर माणसांना देतात ती.

पुढचे उन्हाळे एकाला एक लागून गेले, तंबूचे चौकोन लागावेत तसे. तोर्मोद दर जूनला यायचा. गोदी बंद पडली, तो शाळेची बस चालवायला लागला. मग तर उन्हाळाभर सुट्टीच. तंबू तोच. कापडाला जुन्या चरबीचा, धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास. शेजारची कुत्री त्या तंबूलाच माणूस समजून शेपूट हलवायची. लोणी ओढ्यात, दगडाखाली. बटाटे राखेत. बेकरीची गाडी शनिवारी शिळे पाव मेंढ्यांसाठी टाकून जायची. त्यातले दोन तोर्मोद उचलायचा, आणि सिन्नोवे म्हणायची, सतरा मेंढ्या हुत्या, आता अठरा झाल्या. नदीला नशीब असलं तर ट्राउट मासा. अंघोळही नदीतच, हिमनदीच्या पाण्यात. अंगावर तांब्या घेतला की शिव्या आपोआप बाहेर पडायच्या, आणि त्या ऐकून वरच्या घरची माणसं घड्याळ लावायची. सकाळी दुधाची गाडी त्याला वळणापर्यंत सोडायची. मोबदला म्हणून तो दूधवाल्याला काल कोण कसं पडलं ते साग्रसंगीत सांगायचा.

एकदा त्यानं लग्न केलं. बायको बर्गनची, नीटनेटकी. एका जूनला ती तंबूत राहायला आली आणि खरंच दोनच रात्री राहिली. सिन्नोवे म्हणाली, "बाई कायद्याची निघाली."

तो स्की शिकला, चांगली शिकला, पण कुठं शर्यतीत गेला नाही. दुपारी तीनला, पाव्हणे खाली गेल्यावर, मिठाचा कडक उतार एकट्यासाठी उरतो. खाली दरी, खाडीचा हिरवा तुकडा, आणि त्यात नखाएवढा आपला तंबू. तंबू कुठल्या तारेपाशी आहे तेही वरून दिसायचं. त्याला तेवढं पुरत होतं. ओस्लोची पोरं गाड्यांना झोपायच्या खोल्या जोडून यायची, विचारायची, काका, असं राहून कंटाळा नाही येत? तो म्हणायचा, यायला वेळच कुठं मिळतो, दर तिसऱ्या दिवशी घर बदलावं लागतं.

सिन्नोवेनं चाळीस-बेचाळीस उन्हाळ्यांत त्याला तिसरी रात्र कधी दिली नाही. दारात उभं राहून तेच दोन शब्द. मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यात ओढ्याकडचा कोपरा आधीच कापून ठेवलेला असायचा. बरोबर एका तंबूएवढा. तो कुणी कापला, हा विषय दोघांनी कधी काढला नाही.

शेवटी तिला खाडीवरच्या वृद्धाश्रमात नेलं. तोर्मोद भेटायला जायचा. डोळे गेले होते, कान शाबूत.

"कुठं हाय तंबू?"

"तिसऱ्या खांबापाशी, ओढ्याच्या अंगाला."

"राती?"

"दोन."

"मग हिकडं काय करतोस? उचल जा."

ती एका फेब्रुवारीत गेली. तोर्मोदला पत्रानं कळलं.

त्याच सुमारास वरचं बर्फही आटलं. आधी ऑगस्ट गेला, मग जुलै. पांढऱ्या चादरी पांघरून उरलंसुरलं राखायचा प्रयत्न झाला. मग लिफ्ट थांबली ती थांबलीच. आता खांब उघड्या दगडांत उभे आहेत, आणि जिथं सतरा मेंढ्या अडकल्या होत्या तिथं एक तळं आहे, दुधी रंगाचं.

तरी तोर्मोद तीन उन्हाळ्यांनंतर आला. सत्तर वर्षांचा, उजव्या गुडघ्यात लोखंड. स्की आणल्या नाहीत, तंबू आणला. स्कारेच्या दारात उभा राहिला आणि त्याला कळेना, कुणाला विचारायचं.

दार सिन्नोवेच्या भाचीनं उघडलं. गुनवोर तिचं नाव, ओस्लोत दातांची डॉक्टर. उन्हाळ्यात घर उघडायला येते.

"मी तोर्मोद. तंबू टाकायचा होता. दोन रात्री."

"दोनरात्या काका!" ती हसली. "दोनच कशाला? हवं तितकं राहा. आणि तंबूत का? माडीवरची खोली रिकामी आहे. गरम पाणी आहे."

इतकी वर्षं तो ज्याच्यासाठी दारात उभा राहिला, ते त्याला उंबऱ्यावरच मिळालं. तो "बघतो," म्हणाला आणि रानात गेला.

रान ओळखू येत नव्हतं. तीन वर्षांचं न कापलेलं गवत एकमेकांवर पडून कुजलेलं, तपकिरी गादीसारखं. पिवळी-जांभळी फुलं नाहीत. बर्चच्या झाडांची रोपं पोराच्या उंचीची. तारा गंजून लोंबलेल्या. त्यानं अंदाजानं ओढ्याकडचा कोपरा शोधला आणि तंबू ठोकला. दोन दिवस गुडघा चोळत, कॉफी उकळत, वर बघत बसला. वर बघण्यासारखं काही नव्हतं.

तिसऱ्या सकाळी सवयीनं खुंट्या उपटल्या, तंबू बाजूला घेतला. खाली चौकोन नव्हता. सगळं रानच पिवळं. चेपलेलं आणि न चेपलेलं सारखंच. इथं तंबू वर्षभर राहिला असता तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. तोर्मोद तसाच उभा राहिला, खुंट्या हातात.

मग तो गोठ्यात गेला. लांब दांड्याचा विळा आढ्याला होता, तिथंच. धार लावायचा दगड कोनाड्यात.

गुनवोर कॉफी घेऊन आली तेव्हा त्यानं ओढ्याकडून दोन पट्टे काढले होते, आणि गुडघा धरून दगडावर बसला होता.

"काका, हे काय? कुणासाठी कापताय? मेंढ्या तर केव्हाच विकल्या."

"ओडमुंडच्या नातवाकडं आहेत. तो नेईल वाळलं की." त्यानं विळ्याला दगड लावला. "आणि न्हेलं न्हाई तर न्हाई." बोलून गेल्यावर त्याच्याच लक्षात आलं, आपण कुणासारखे बोललो.

"एकट्याला जमणार नाही तुम्हाला."

"नाही जमणार. ते दंताळं घ्या."

तिनं घेतलं. पाच दिवस लागले. ओडमुंडचा नातू नवी तार घेऊन आला, रोपं उपटली, खांब ठोकले. गुनवोरनं पहिली पेंढी वरच्या तारेवर टाकली आणि तोर्मोद एवढ्या जोरात ओरडला, की नदीपलीकडची माणसं बघायला लागली. "खालनं! खालनं घाला, डॉक्टरीणबाई!" पाऊस आला, गेला. कुजकं निघाल्यावर खाली जमीन दिसली, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ओढ्याकडच्या पट्ट्यात बारीक पोपटी कोंब. तोर्मोदनं तंबू उचलून मुद्दाम तिथं नेला, कोंबांवर ठोकला.

दोन सकाळींनी तो दारात जाऊन उभा राहिला. गुनवोर दात घासत होती.

"रात्री दोन झाल्या," तोर्मोद म्हणाला.

ती ब्रश तोंडात तसाच धरून बाहेर आली. त्याच्याकडं बघितलं, मग रानाकडं. तंबूच्या कडेनं पोपटी दिसत होतं आणि खाली काय होत असेल, ते पाच दिवसांत तिलाही कळायला लागलं होतं. तिनं फेस थुंकला.

"मग उचला की," ती म्हणाली.

तोर्मोद वळला आणि लंगडत लंगडत खुंट्या उपटायला गेला.